अठराव्या षटकाची घाई

टी-ट्वेंटीचा सामना रंगात आला आहे. अठरावं षटक सुरू होतंय, तीस-बत्तीस धावा हव्या आहेत, हातात चार गडी आहेत. हजारो रुपयांचं तिकीट काढून आलेल्या माणसाने खुर्चीच्या टोकावर सरकून बसायची ही वेळ. पुण्याजवळच्या गहुंज्याच्या मैदानावर मात्र नेमकी याच वेळी माणसं उठायला लागतात. बाप पोराचा हात धरतो, आई झेंडा गुंडाळते. "चल, आत्ता निघालो तर बाराला घरी पोचू. शेवटपर्यंत थांबलो तर दोन वाजतील." पोरगं मागे वळून वळून बघत पायऱ्या उतरतं. गाडी लावलेल्या शेतापाशी ते पोचतं तेव्हा मागून गर्जना ऐकू येते. ती षटकाराची की विकेटची, हे त्याला मोबाइलवर बघावं लागतं.

मीही असा उठलो आहे, आणि माझ्या मुलीला उठवलं आहे. चिखलातून चालताना तिने विचारलं होतं, "बाबा, मग आपण आलो कशाला?" त्या प्रश्नाला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. हा लेख त्यावरच्या विचारातून झाला आहे.

ही घाई फक्त आपल्याकडची नाही. लॉस एंजेलिसचं डॉजर स्टेडियम 1962 साली उभं राहिलं. सुमारे 56,000 खुर्च्या आणि भोवती 16,000 गाड्यांची जागा. मोटारीवर जगणाऱ्या शहराने आपल्या सोयीसाठी बांधलेलं मैदान. तिथे 15 ऑक्टोबर 1988 च्या रात्री वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना होता. दोन्ही पायांनी अधू झालेला कर्क गिब्सन शेवटच्या डावात, दोन गडी बाद असताना फलंदाजीला आला आणि त्याने चेंडू प्रेक्षकांत भिरकावून हरलेला सामना जिंकून दिला. अमेरिकेच्या बेसबॉलमधला हा अतिशय गाजलेला फटका. त्याचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं. चेंडू प्रेक्षकांत पडत असताना त्यांच्या मागे, पार्किंगच्या अंधारात, लाल दिवे लुकलुकताना दिसतात. ते घरी निघालेल्या गाड्यांचे ब्रेकचे दिवे आहेत. त्या गाड्यांतली माणसं मैदानावर आली होती, तिकीट काढून आली होती, आणि तो क्षण मात्र त्यांचा झाला नाही. सोळा हजार गाड्यांची जागा असूनही झाला नाही. मला वाटतं, तिथे इतकी जागा होती म्हणूनच झाला नाही.

कारण मैदानाच्या पार्किंगचा प्रश्न आपण जागेचा समजतो, आणि तो मुळात वेळेचा आहे. सामन्याला येताना माणसं तीन तासांत विखरून येतात. कुणी नाणेफेकीआधी तासभर, कुणी ऑफिस आटोपून चौथ्या षटकाला. जाताना सगळ्यांची वेळ एकच असते. गाड्या लावायला कितीही मोठं रान दिलं तरी रानातून रस्त्यावर यायचं तोंड तेवढंच राहतं. जागा वाढवली की त्या तोंडाशी येणारी रांग लांबते.

गहुंज्याचा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला. मैदानाची क्षमता सुमारे 37,000. त्यांतली निम्मी माणसं मोटारीने आली आणि एका मोटारीत तिघं बसली असं धरू. म्हणजे सहा हजारांवर मोटारी. मोटार उभी राहायला आणि ती वळवायला, बाहेर काढायला लागणारी मोकळी पट्टी धरून एका मोटारीला साधारण 25 चौरस मीटर लागतात. एकूण झाले 38 एकर. ज्या हिरवळीवर अकरा-अकरा जण खेळतात तिच्या आठ-नऊ पट जमीन, फक्त चार तास गाड्या उभ्या करायला. तरी तीही जमीन मिळवता येईल. पुढचं गणित अवघड आहे. शेजारून माणसं चालत आहेत, बाजूने दुचाकी घुसत आहेत, पुढे मुख्य रस्त्याला मिळायचं आहे, अशा अवस्थेत एका लेनमधून तासाला फार तर हजार मोटारी निघतात. दोन लेन मिळाल्या तर सहा हजार मोटारींना तीन तास. आयपीएलचा रात्रीचा सामना साडेसातला सुरू होऊन साडेअकराच्या आसपास संपतो. त्यात तीन तास मिळवा. अठराव्या षटकाला उठणारा बाप हेच गणित मनातल्या मनात करत असतो, आणि त्याचं उत्तर बरोबर असतं. म्हणून त्याला दोष देता येत नाही.

आता मुंबईच्या वानखेडे स्टेडियमकडे बघा. चर्चगेट आणि मरीन लाइन्स या दोन स्टेशनांच्या मधे, पश्चिम रेल्वेच्या रुळांना जवळजवळ खेटून ते उभं आहे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर ते बांधलं गेलं ते तिकिटांच्या वाटपावरून झालेल्या भांडणातून. ब्रेबॉर्न स्टेडियम हाकेच्या अंतरावर असताना दुसरं मैदान कशाला, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पण जागा जी मिळाली ती अशी, की तिने पुढच्या पन्नास वर्षांचा वाहतुकीचा प्रश्न आधीच सोडवून ठेवला. प्रेक्षकांनी गाड्या घेऊन यावं अशी तिथे सोयच नाही. सामन्याच्या दिवशी वाहतूक पोलीस आजूबाजूच्या रस्त्यांवर नो पार्किंग जाहीर करतात आणि लोकलने या असं सांगतात. हे सांगणं पोकळ नाही, कारण लोकल खरोखरच शेजारी आहे. बारा डब्यांची एक लोकल गर्दीच्या वेळी चार हजारांहून जास्त माणसं नेते. वानखेडेची क्षमता 33,000 च्या आसपास. सगळीच्या सगळी माणसं स्टेशनावर गेली तरी आठ-नऊ गाड्यांचा प्रश्न, आणि चर्चगेटहून शेवटची लोकल सुटते रात्री एकच्या सुमाराला.

मुलीला मी पुढच्या वर्षी तिथे नेलं. मुक्काम दादरला बहिणीकडे होता. शेवटचा चेंडू पडला, आम्ही खुर्चीतून उठलो, गर्दीबरोबर चालत स्टेशनात आलो. डब्यात सगळीकडे त्या शेवटच्या षटकाचीच चर्चा होती. एकमेकांना कधी न भेटलेली माणसं वाद घालत होती. सामना पाहणं म्हणजे एवढंच नसतं का, की जे घडलं ते बरोबरच्या माणसांशी बोलून मनात मुरवायचं? मोटारींच्या रांगेत काच वर करून बसलेल्या माणसाला ते मिळत नाही.

पुण्याचंही एकेकाळी असंच होतं. स्वारगेटच्या एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा नेहरू स्टेडियमवर सामने होत. 29 फेब्रुवारी 1996 रोजी तिथे केनियाने वेस्ट इंडिजला हरवलं, तेव्हा पेठांतली माणसं सामना बघून पायी किंवा सायकलवर घरी गेली. ते मैदान जुनं होतं, अपुरं होतं, नवं हवंच होतं. ते कुठे हवं, हा प्रश्न मात्र जमीन कुठे मिळते या प्रश्नाच्या मागे पडला. 2012 साली शहराच्या मध्यापासून वीस-बावीस किलोमीटरवर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या कडेला, टेकड्यांच्या कुशीत गहुंज्याचं मैदान सुरू झालं. इमारत म्हणून ते देखणं आहे, कुठल्याही खुर्चीवरून खेळ छान दिसतो, वारा खेळता राहतो. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण हे शहर दुचाकीवर चालतं, आणि द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे दुचाकीवाल्याने जुन्या महामार्गाने आणि सर्व्हिस रोडने यायचं, मोटारवाल्याने वेगळ्या वाटेने यायचं, आणि शेवटच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये सगळ्यांनी एकमेकांच्या अंगावर यायचं. पुणे-लोणावळा लोकलची देहूरोड आणि बेगडेवाडी ही स्टेशनं फार दूर नाहीत, पण तिथून मैदानापर्यंत चालत जायला दिवाबत्तीची सलग पायवाट नाही, आणि मध्यरात्रीकडे झुकलेल्या वेळी लोकलही हातावर मोजण्याइतक्या.

याचा भार कुणावर पडतो तेही पाहिलं पाहिजे. प्रेक्षकाने निदान स्वतःहून तिकीट काढलेलं असतं. मुंबईहून पुण्याला आजारी आईला बघायला निघालेल्या माणसाचा सामन्याशी काय संबंध? तोही त्याच कोंडीत अडकतो. गावातल्या माणसाला आपल्याच घराकडे जायला बॅरिकेडपाशी ओळख पटवावी लागते. शेतं पार्किंगला दिली जातात, त्याचं भाडं शेतकऱ्याला मिळतं आणि ते मिळायलाच हवं. पण एप्रिल-मेमध्ये वळीव आला किंवा ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला की त्या शेतात चाकं रुततात आणि मागची सगळी रांग थांबते. तिकिटांचा, जाहिरातींचा, प्रक्षेपणाचा पैसा आयोजकांकडे जातो; इंधन, वेळ, मनस्ताप आणि पोलिसांचं जागरण मात्र सगळ्यांत वाटलं जातं. कॅलिफोर्नियातले अर्थशास्त्रज्ञ डोनाल्ड शूप यांनी 2005 मध्ये पार्किंगवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. फुकट पार्किंग कधीच फुकट नसतं, त्याची किंमत गाडी न वापरणारेसुद्धा भरतात, असं त्यांचं प्रतिपादन होतं. मैदानाच्या बाबतीत ते अगदी खरं आहे.

इथे एक मोह होतो, तो मी टाळू इच्छितो. रेल्वे आणा, प्रश्न मिटला, असं म्हणण्याचा. तो तसा मिटत नाही. फेब्रुवारी 2014 मध्ये न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर सुपर बोल, म्हणजे अमेरिकी फुटबॉलचा अंतिम सामना, झाला. सुरक्षेसाठी पार्किंग कमी केलं होतं आणि लोकांना रेल्वेने या असं आवर्जून सांगितलं होतं. लोकांनी ऐकलं. रेल्वेने जेवढी माणसं अपेक्षिली होती त्याच्या दुपटीच्या आसपास आली, आणि गाडी बदलायच्या सिकॉकस स्टेशनावर माणसं गुदमरली, काहींना चक्कर आली. आपल्याला इतक्या लांबही जायला नको. 29 सप्टेंबर 2017 च्या सकाळी मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनाच्या अरुंद जिन्यावर 23 माणसं गेली, तिथे तर सामनाही नव्हता. आणि 4 जून 2025 रोजी बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर 11 जणांचा चेंगरून मृत्यू झाला. ते मैदान शहराच्या मध्यावर आहे, मेट्रो जवळ आहे. म्हणजे वानखेडेसारखंच सोयीचं. पण आयपीएलच्या विजयाच्या सोहळ्याला प्रवेश कुणाला, कुठल्या दाराने, किती जणांना, याचा घोळ झाला आणि दारं त्या लोंढ्याला पुरली नाहीत. रेल्वे माणसं झपाट्याने आणते. जिना, दार, मोकळं अंगण आणि खरी माहिती त्या झपाट्याला पुरी पडायला हवीत.

तरीही मोटारीचं काय? साताऱ्याहून, नगरहून, सोलापूरहून येणाऱ्याला रात्री परतायला दुसरं साधन नाही. वृद्ध आईला किंवा कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाला सामना दाखवायचा तर गाडी दारापर्यंत जायला हवी. हे आक्षेप खरे आहेत. म्हणूनच मोटारींची जागा मोजून ठेवावी आणि ज्याला खरी गरज आहे त्याला द्यावी, असं मी म्हणतो. आज सगळ्यात जवळचं पार्किंग कुणाला मिळतं? ज्याच्या काचेवर पास आहे त्याला. त्याच्या गाड्या निघेपर्यंत बाकीच्यांना शिट्टी मारून थांबवलं जातं. दारापासून पन्नास पावलांवरची ती जागा अपंग प्रेक्षकांची आहे, आजीआजोबांना घेऊन आलेल्यांची आहे, रुग्णवाहिकेची आहे. धडधाकट पासवाल्याने एक किलोमीटर चालावं. चालण्यात कमीपणा काही नाही.

उरलेल्या मोटारींची व्यवस्था ही कारागिरी आहे आणि तिच्या युक्त्या साध्या आहेत. मुंबईकडून आलेल्याची गाडी मुंबईच्या बाजूला लावायची, पुण्याकडून आलेल्याची पुण्याच्या बाजूला, म्हणजे निघताना कुणी कुणाला आडवं जात नाही. गाडी मागे घेऊन, तोंड बाहेरच्या बाजूला करून लावायची, म्हणजे रात्री अंधारात मागे घ्यायचा गोंधळ वाचतो. पायी चालणाऱ्यांची वाट आणि गाड्यांची वाट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वेगळी. एकदा जरी ती एकमेकींना छेदली तरी सगळं तिथेच थांबतं. सामना संपल्यावर तासभर रस्त्याच्या सगळ्या लेन बाहेर जाणाऱ्यांना द्यायच्या. आणि पैसे दाराशी घ्यायचे नाहीत. एका गाडीचे पैसे घ्यायला 15 सेकंद धरले तर एका दारातून तासाला 240 गाड्या आत जातात. सहा हजार गाड्या दोन तासांत घ्यायच्या तर बारा-तेरा दारं लागतील. त्यात हजारो मोबाइल एकाच टॉवरवर येऊन नेटवर्क बसतं, यूपीआय गोल गोल फिरत राहतं आणि 15 सेकंदांची दोन मिनिटं होतात. पार्किंग सामन्याच्या तिकिटाबरोबरच विकावं, शेताचा क्रमांक आणि यायचा रस्ता त्याच्यावर छापावा, आणि चौघं बसलेल्या गाडीला एकट्याच्या गाडीपेक्षा कमी पैसे पडावेत.

पण माझा सगळ्यात मोठा आग्रह वेगळ्या गोष्टीचा आहे. सामन्याच्या तिकिटात घरी जायचं तिकीट धरलेलं असावं. जर्मनीत फुटबॉलच्या बहुतेक मोठ्या मैदानांवर हे कित्येक वर्षं चालू आहे. सामन्याचं तिकीट दाखवलं की शहराची ट्राम, बस, लोकल मोकळी. हे परदेशातच जमतं असंही नाही. चेन्नईत आयपीएलच्या चेपॉकवरच्या सामन्यांना तिकिटावरचा कोड दाखवून मेट्रोने जाता-येता येतं. जानेवारी 2025 मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा प्रेक्षकांसाठी गोरेगावहून नेरूळला खास लोकल सुटली होती. गाण्याला जे करता आलं ते क्रिकेटला का करता येऊ नये? गहुंज्याला 2023 च्या विश्वचषकात पीएमपीच्या जादा बस मनपा भवन, कात्रज, निगडी इथून सुटल्या, ते पाऊल योग्य होतं. पण बस मोटारींच्याच रांगेत उभी राहणार असेल तर शहाणा माणूस बसने का जाईल? बसला स्वतंत्र लेन मिळाली, शेवटचा चेंडू पडताच पन्नास बस दाराशी उभ्या दिसल्या आणि पहिली बस मोटारींच्या आधी मुख्य रस्त्याला लागली, तर पुढच्या सामन्याला तोच मोटारवाला बसमध्ये असेल. पुण्याची मेट्रो पिंपरीहून निगडीच्या भक्ती-शक्ती चौकापर्यंत वाढते आहे. ती झाली की पुढचं अंतर बसने सहज कापता येण्याजोगं राहील. त्याचा आराखडा आत्ताच हवा, स्टेशनाचं उद्घाटन झाल्यावर नको.

हे आपल्याला येत नाही असं कुणी म्हणू नये. आषाढीला पंढरपुरात जमणारा समुदाय कुठल्याही मैदानाच्या कितीतरी पट असतो. त्यासाठी एसटी दरवर्षी पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सोडते, गावाबाहेर तात्पुरती बसस्थानकं उभारते आणि ती जिल्ह्यांनुसार वाटून देते. मराठवाड्यातून आलेल्या म्हातारीला आपली गाडी कुठे लागणार हे ठाऊक असतं. आलेल्या दिशेनेच परत पाठवायचं, मोटार गावात येऊ द्यायची नाही, शेवटचं अंतर पायीच, हे सगळं शास्त्र आपल्या एसटीच्या वाहतूक नियंत्रकांना आणि पोलीस हवालदारांना तोंडपाठ आहे. नाशिकच्या कुंभमेळ्यातही बाहेरच्या वाहनतळावर गाड्या थांबवून एसटीने भाविकांना आत नेतात. त्या माणसांना स्टेडियमच्या बैठकीला कुणी बोलावतं का? मैदान बांधताना वास्तुविशारद येतात, खेळपट्टीचे तज्ज्ञ येतात, प्रकाशझोतांचे अभियंते येतात. पंढरीची यात्रा हाताळलेला आगारप्रमुख त्या टेबलाशी बसायला हवा, आणि नकाशा पक्का होण्याआधी बसायला हवा.

हे आज लिहायचं कारण आहे. मुंबईला एक लाख प्रेक्षकांचं नवं स्टेडियम हवं, अशी इच्छा मे 2025 मध्ये खुद्द मुख्यमंत्र्यांनी वानखेडेवरच्या समारंभात बोलून दाखवली. त्याआधी ठाणे जिल्ह्यातल्या आमणे परिसरातल्या सुमारे 50 एकर जागेची चर्चा वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे. जागा कुठलीही ठरो, वरचाच हिशेब लावून पाहा. एक लाखांतले निम्मे मोटारीने, तिघांची एक मोटार: साडेसोळा हजार मोटारी, शंभर एकरांहून जास्त पार्किंग, दोन लेनमधून आठ तास. पन्नास एकरांच्या मैदानाला शंभर एकरांचं पार्किंग लागेल, आणि सामना संपल्यावर शेवटची गाडी सकाळी साडेसातला बाहेर पडेल. अहमदाबादच्या 1,32,000 क्षमतेच्या स्टेडियमने मोटारींसाठी सुमारे 3,000 जागा ठेवल्या आणि दाराशी मेट्रोचं स्टेशन घेतलं, कारण तिथे दुसरा मार्गच नव्हता. एक लाख माणसं म्हणजे बारा डब्यांच्या पंचवीस लोकल. चार-चार मिनिटांनी सोडल्या तर शंभर मिनिटं.

त्या नव्या मैदानाचा नकाशा जेव्हा लोकांपुढे येईल, तेव्हा छताचा घुमट किती सुंदर आहे, खुर्च्यांचा रंग कोणता, खेळाडूंच्या खोल्या किती ऐसपैस, हे सगळं रंगीत चित्रांत दाखवलं जाईल. मी त्यात फलाट शोधेन. तो दारापासून किती पावलांवर आहे, त्याला जिने किती आणि किती रुंद, रात्री साडेअकराला तिथून कसारा, कर्जत, पनवेल आणि विरारकडे गाडी आहे का, हे त्या कागदावर लिहिलेलं असावं. नसेल तर मुंबई क्रिकेट असोसिएशनच्या एखाद्या सभासदाने सभेत उभं राहून ते विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसू नये.